फ(२ + ३) आणि टेम्पोचं भाडं

प्रश्न (अकरावी सायन्स, लातूर): ‘एफ ऑफ एक्स’, म्हणजे फ(क्ष), यातला कंस गुणाकाराचा नाही हे कळतं. तरी फ(२ + ३) = फ(२) + फ(३) लिहिलं की सर चूक देतात. का?

उत्तर: कारण हात अजून कंस गुणाकारासारखाच उघडतो. फ हा आकडा नाही, ते एका कृतीचं, म्हणजे फंक्शनचं, नाव आहे. मोंढ्याचा हिशेब घे. सोयाबीनचा भाव क्विंटलला ४५०० रुपये धर आणि टेम्पोचं भाडं खेपेला ६००, माल कितीही असो. एका खेपेत क्ष क्विंटल नेलं तर हाती येतात फ(क्ष) = ४५००क्ष − ६००. आता मांडून बघ. फ(२) = ८४००, फ(३) = १२९००, बेरीज २१३००. पण फ(५) = २१९००. मधले सहाशे कुठे गेले? खेपा दोन झाल्या, भाडं दोनदा गेलं. भाडं नसतं तर दोन्ही बाजू जुळल्या असत्या. म्हणून ही फोड ४५००क्ष सारख्या नुसत्या पटीला चालते. वर्ग, वर्गमूळ, लॉग, साइन यांना नाही.

फ(क्ष + १) विचारलं तर क्षच्या जागी कंसासकट (क्ष + १) ठेव: ४५००(क्ष + १) − ६००. कंस गाळला की ४५००क्ष + १ − ६०० होतं आणि मार्क गेले.

प्रश्न (पालक, परभणी): मुलगी नववीत आहे. (अ + ब)² = अ² + ब² असंच लिहिते. सूत्र दहादा लिहून घेतलं, फरक नाही.

उत्तर: चूक वरचीच आहे, वर्ग करणं हेही फंक्शनच. आता सूत्र लिहून घेऊ नका. चौकटीच्या वहीत ७ × ७ चा चौरस काढायला लावा, बाजू ३ आणि ४ अशा तोडून एक आडवी, एक उभी रेघ मारा. कोपऱ्यांत ९ आणि १६ घरांचे चौरस दिसतील, मिळून २५. पण घरं तर ४९ आहेत! उरलेली २४ म्हणजे ३ × ४ चे दोन आयत, तेच २अब. ते आयत तिच्याच हातानं रंगवून घ्या.

प्रश्न (बीड): य = क्ष² फंक्शन, मग य² = क्ष का नाही?

उत्तर: फंक्शनमध्ये एका क्षला एकच य हवा. य² = क्ष मध्ये क्ष = ९ दिलं की य ३ही येतो आणि −३ही. क्ष म्हणजे मुलगा आणि य म्हणजे मार्क असं समज. दोन मुलांना सारखे मार्क पडू शकतात. एका मुलाला एकाच पेपरात दोन वेगळे मार्क नसतात.

प्रश्न (सीईटीची तयारी, नांदेड): (क्ष² − ९)/(क्ष − ३) चं क्ष + ३ झालं. मग डोमेनमध्ये, म्हणजे क्षच्या चालणाऱ्या किमतींत, ३ का नाही?

उत्तर: डोमेन खोडाखोडीच्या आधी काढायचं. क्ष = ३ ला छेद शून्य होतो, म्हणजे जे खोडलं तेच शून्य होतं. आलेख क्ष + ३ चीच सरळ रेषा, फक्त (३, ६) ला पोकळ टिंब. त्यामुळे रेंजमधूनही, म्हणजे येणाऱ्या उत्तरांतूनही, ६ वगळायचा. पर्याय निवडताना नेमका तोच सुटतो.