वाचकांचे प्रश्न : ‘बेतवा’चे कप्तान आणि नावापुढची पदके

प्रश्न : गोवा मुक्तीच्या वेळी मुरगावच्या खाडीत पोर्तुगीज जहाज ‘बुडवणाऱ्या’ भारतीय नौकेचे कप्तान कोण होते? पुढे त्यांचे काय झाले? — वाचक, वास्को

उत्तर : आधी एक दुरुस्ती. ‘अफोंसो द अल्बुकर्क’ ही ती पोर्तुगीज युद्धनौका बुडाली नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी दुपारी १२च्या सुमारास ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या आपल्या फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) तिच्यावर चालून गेल्या. शरण या, असे मोर्स संकेतांनी कळवलेही होते. नांगर उचलून ती लढायला निघाली, आणि तिच्या खलाशांनी शर्थ केली हे मान्य करायलाच हवे. पण जहाज १९३४चे, त्यावर १२० मिलिमीटरच्या ४ तोफा. आपल्या प्रत्येक फ्रिगेटवर साडेचार इंची ४ तोफा होत्या आणि त्यांचा नेम रडारवर धरला जात होता. थोड्याच वेळात एक गोळा अल्बुकर्कच्या नियंत्रण मनोऱ्यावर बसला. मनोरा गेला की अंतर आणि दिशा सांगणारे कोणी उरत नाही, मग प्रत्येक तोफ आपापल्या अंदाजाने गोळे टाकते. त्यानंतर जहाजाच्या माथ्यावर फुटलेल्या गोळ्याने रेडिओ ऑपरेटर ठार झाला आणि कप्तान आरागांव गंभीर जखमी झाले. इंजिनालाही मार बसला होता. शेवटी जहाज वळवून बांबोळीच्या किनाऱ्यावर चढवले. पांढरे निशाण वर चढवले होते, पण ते डोलकाठीलाच गुंडाळले गेले. आपल्या नौकांना ते दिसेना, म्हणून मारा चालूच राहिला. पुढे ते जहाज ओढून मुंबईला नेले आणि मोडीत काढले.

‘बेतवा’चे कप्तान होते रुस्तुम खुश्रू शापूरजी गांधी. १९७१च्या युद्धात ‘म्हैसूर’ ही क्रूझर, म्हणजे फ्रिगेटहून मोठी युद्धनौका, त्यांच्याकडे होती आणि त्या कामगिरीसाठी त्यांना वीर चक्र मिळाले. ‘म्हैसूर’ हे पश्चिम आरमाराचे ध्वजजहाज होते, म्हणजे आरमाराचा ॲडमिरल त्यावर असे. इथे लिहिणाऱ्यांचा बऱ्याचदा गोंधळ होतो. ध्वजजहाजावर वरिष्ठ अधिकारी दोन असतात. संपूर्ण आरमार कुठे जाणार, हे ॲडमिरल ठरवतो. तेव्हा ते रिअर ॲडमिरल कुरुविल्ला होते. त्या एका जहाजाचे सुकाणू, इंजिन, तोफा आणि माणसे कप्तानाच्या जबाबदारीवर.

व्हाइस ॲडमिरल झाल्यावर गांधी मुंबईच्या पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख झाले. हे काम जमिनीवरचे. गोदीत कोणते जहाज कधी घ्यायचे, दारूगोळ्याचे साठे, तळांची देखभाल, खलाशांच्या राहण्याची सोय, हे सगळे तिथून चालते. त्यात लढाईची चमक नाही, म्हणून चरित्रलेखक दोन ओळींत उरकतात. पण जहाजाची दुरुस्ती तीन महिने लांबली तर समुद्रावर तेवढे एक जहाज कमीच असते, मग कप्तान कितीही शूर असो.

प्रश्न : जुन्या फोटोत अधिकाऱ्याची पदके कशी ओळखायची? युद्धातले कोणते, शांततेतले कोणते? — वाचक, फोंडा

उत्तर : पदकांच्या रंगीत फिती अधिकाऱ्याच्या डाव्या छातीवर असतात. वरच्या ओळीपासून, आपल्या डावीकडून वाचायला लागा. सगळ्यांत वरचा मान पहिल्या फितीचा. वीर चक्राची फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. महावीर चक्राची अर्धी पांढरी, अर्धी केशरी. विशिष्ट सेवा मालिकेतली पदके शौर्यासाठी नव्हे, सेवेसाठी असतात. त्यांच्या सोनेरी फितीवरच्या निळ्या रेघा मोजा : परम विशिष्ट सेवा पदकाला १, अति विशिष्टला २, नुसत्या विशिष्टला ३. कृष्णधवल फोटोत निळा-केशरी फसवतो, रेघा मात्र मोजता येतात. फोटो उलटा छापला असेल तर सगळेच चुकते, तेव्हा कोटाची बटणे कोणत्या बाजूला आहेत ते आधी पाहा.

क्रमाने अनेक जण चकतात. परम विशिष्ट सेवा पदक महावीर चक्राच्या आधी लावतात आणि अति विशिष्ट सेवा पदक वीर चक्राच्या आधी. म्हणून फीत पुढे आहे एवढ्यावरून शौर्य ठरवू नका. विशिष्ट सेवा पदक म्हणजे कचेरीतले काम, हाही सरसकट नियम नव्हे. युद्धसेवा पदकांची मालिका १९८०ची. त्याआधी युद्धकाळातल्या नेतृत्वासाठीही विशिष्ट सेवा मालिकेतलीच पदके देत. गौरवपत्र मिळाले तर ते वाचा, फितीवरून अर्धेच कळते.

प्रश्न : मुक्तीनंतर गोव्याचा कारभार नौदलाकडे होता का? — वाचक, मडगाव

उत्तर : नाही. जून १९६२पर्यंत लष्करी राज्यपाल होते मेजर जनरल कँडेथ, म्हणजे भूदलाचे अधिकारी. नौदलाकडे आली ती दाबोळीची धावपट्टी. ‘आयएनएस हंसा’ हा तळ १९६४मध्ये कोइमतूरहून तिथे हलला, आणि दाबोळीला उतरणारी प्रवासी विमाने आजही नौदलाचीच धावपट्टी वापरतात.