पहिल्या दिवशी बुटांकडे लक्ष दे

स्कीइंगचा तुझा पहिलाच दिवस आहे, म्हणून आधी बुटांचं सांगतो. बूट भाड्याने घेताना अजिबात घाई करू नकोस. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर रेलली की बोटं किंचित मागे सरकली पाहिजेत. टाच मात्र जागची हलता कामा नये. मोजा एकच आणि पातळ घाल. ऊब वाटेल म्हणून मी एकदा दोन जोड चढवले होते. घड्या पडून दुपारपर्यंत घोटा सोलवटला आणि पाय गार पडले ते वेगळंच.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, लावणाऱ्याला वजन, उंची, वय खरं सांग आणि आपण नवशिके आहोत हेही सांग. पडल्यावर स्की वेळेत सुटते की नाही, ते त्यावरच ठरतं.

उतारावर स्कीची टोकं जवळ, शेपट्या लांब, असा उलटा व्ही करून वेग आवर. भीती वाटली की अंग आपोआप मागे झुकतं आणि तिथेच ताबा सुटतो, म्हणून नडगीचा दाब सोडू नकोस. खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला, त्याला चुकवायची जबाबदारी वरून येणाऱ्याची. थांबायचं झालं तर कडेला थांब.

ढग असले तरी गॉगल आणि सनस्क्रीन हवंच, ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो. आणि मांड्या थरथरायला लागल्या की ‘शेवटची एक फेरी’ नको, तिथेच स्की काढ.