इंग्लंडमधलं 'मार्केट टाउन' म्हणजे नेमकं काय? एखाद्या छोट्या गावाचा इतिहास सांगाल का?

थोडक्यात, आठवडी बाजाराचं गाव. पण बाजार कुणी आपल्या मनानं भरवू शकत नसे, त्याला राजाची सनद लागे. सनद मिळाली की तिथला जमीनदार पेठ आखायचा, लोकांना जागा द्यायचा आणि भाडं नि बाजारकर वसूल करायचा. आपल्याकडे कौल देऊन पेठा कशा वसवल्या हे ज्यांनी वाचलंय, त्यांना यात नवल वाटणार नाही.

मला जवळून माहीत असलेलं गाव म्हणजे ग्लॉस्टरशरमधलं चिपिंग कॅम्डेन. मी काही वर्षं तिथून तासाभरावर राहायचो; घरी पाहुणे आले की त्यांना तिकडे न्यायचं हे ठरलेलंच. 'चिपिंग' हा बाजारासाठीचा जुना इंग्रजी शब्द. म्हणजे नावाच्या बाबतीत हे थेट आपल्या पेठ वडगावचं भावंड!

बाजार सुरू झाला बाराव्या शतकात, दुसऱ्या हेन्रीच्या काळात. तेव्हाची आखणी अजून ओळखू येते. एकच लांब, किंचित वळलेला रस्ता, मध्ये बाजारासाठी रुंद होत गेलेला. दोन्ही बाजूंना अरुंद तोंडाची घरं आणि प्रत्येकामागे लांबलचक परस. रस्त्याला लागून जागा सगळ्यांनाच हवी, मग दुसरं काय होणार?

खरा पैसा आला लोकरीतून. कॉट्स्वोल्डच्या टेकड्यांवरच्या मेंढ्यांची लोकर फ्लँडर्स आणि इटलीपर्यंत जायची. इथला विल्यम ग्रेव्हल हा व्यापारी तर राजा दुसऱ्या रिचर्डला कर्ज देण्याइतका मातब्बर होता. तो १४०१ मध्ये वारला. सेंट जेम्स चर्चमध्ये त्याच्या थडग्यावर पितळी पत्रा आहे, त्यावर लॅटिनमध्ये त्याला 'साऱ्या इंग्लंडच्या लोकर-व्यापाऱ्यांचं फूल' म्हटलंय. त्याचं १३८० च्या आसपासचं घरही उभं आहे.

पुढे कच्च्या लोकरीऐवजी विणलेलं कापड परदेशी जाऊ लागलं. कापडाच्या धंद्याला वाहतं पाणी लागतं. तो स्ट्राउडच्या खोऱ्यात गेला आणि कॅम्डेन मागे पडलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बॅप्टिस्ट हिक्स नावाच्या लंडनच्या कापडव्यापाऱ्यानं ही जहागीर विकत घेतली. हाही राजाचा सावकार. त्यानं १६१२ मध्ये बारा गरीब म्हाताऱ्यांसाठी घरांची ओळ बांधली आणि १६२७ मध्ये लोणी, चीज, कोंबड्या विकणाऱ्यांसाठी कमानींचा दगडी मार्केट हॉल. दोन्ही आज शाबूत आहेत. त्याचा स्वतःचा आलिशान वाडा मात्र १६४५ मध्ये, राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात, राजाच्याच सैन्यानं गाव सोडताना पेटवून दिला. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून.

याच घराण्याच्या कारभाऱ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. विल्यम हॅरिसन, वय सुमारे सत्तर. १६ ऑगस्ट १६६० रोजी तो खंड वसूल करायला चालत शेजारच्या गावी गेला आणि परतलाच नाही. वाटेत त्याची फाटकी टोपी आणि रक्ताळलेली गळपट्टी सापडली. नोकर जॉन पेरी यानं सांगितलं, की माझ्या आईनं आणि भावानंच त्याला मारलं. मढं सापडलं नव्हतं, तरी १६६१ मध्ये तिघांनाही फाशी दिली. पेरीलासुद्धा. आणि १६६२ मध्ये हॅरिसन चालत घरी आला! म्हणे त्याला पळवून तुर्कस्तानात गुलाम म्हणून विकलं होतं. सत्तरीच्या म्हाताऱ्याला पळवून नेऊन कुणाला काय मिळणार होतं? मला तरी ही थाप वाटते. पण पेरीनं आपल्याच आईचं नाव का घेतलं, याचं उत्तर थापेनंही मिळत नाही.

नंतरची दोन-अडीचशे वर्षं गाव जवळजवळ झोपलेलं होतं. आज पर्यटक ज्या मधाच्या रंगाच्या दगडी घरांचे फोटो काढतात ती टिकली, याचं श्रेय मी लोकांच्या कलाप्रेमापेक्षा त्यांच्या रिकाम्या खिशांना देतो. पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता. १९०२ मध्ये सी. आर. ॲशबी हा वास्तुकार लंडनच्या ईस्ट एंडमधल्या कारागिरांचा संघ घेऊन इथे आला, बायकामुलं धरून दीडशेच्या आसपास माणसं. जुन्या रेशीम गिरणीत चांदीकाम, सुतारकाम, छपाई सुरू झाली. लंडनमध्ये असताना मागणी घटली की कारागीर दुसरीकडे काम धरायचे. इथे दुसरीकडे म्हणजे शेतावर! १९०८ पर्यंत संघ मोडला. तरी काहीजण राहिले. त्यांपैकी हार्ट घराण्याचं चांदीकाम त्याच गिरणीत चालू आहे, जिना चढून बघता येतं.

भारतीय कलेचे भाष्यकार आनंद कुमारस्वामीही तेव्हा शेजारच्या ब्रॉड कॅम्डेनला राहत होते. ॲशबीनं दुरुस्त करून दिलेल्या जुन्या चॅपलमध्ये त्यांचं घर होतं, आणि मध्ययुगीन सिंहली कलेवरचा त्यांचा ग्रंथ ॲशबीच्याच छापखान्याच्या यंत्रावर छापून १९०८ मध्ये निघाला.

जाणार असाल तर रेल्वेनं मोरटन-इन-मार्शला उतरा, कॅम्डेनचं स्टेशन १९६६ मध्येच बंद झालंय. शक्यतो मंगळवार धरा, त्या दिवशी मोरटनला बाजार असतो. आणि मार्केट हॉलमध्ये जपून चाला, खालचे दगड झिजून पार वरखाली झालेत.