ऑफर आली? आधी सीटीसी फोडून बघा

अभिनंदन! एचआरने फोनवर सीटीसीचा, म्हणजे कंपनीच्या तुमच्यावरच्या वर्षाच्या एकूण खर्चाचा, आकडा सांगितला की लगेच हो किंवा नाही म्हणू नका. "आनंद झाला, सॅलरी ब्रेकअप मेल करा, दोन-तीन दिवसांत कळवतो," एवढंच बोला.

ब्रेकअप आला की फिक्स्ड (ठरलेला पगार), व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग), जॉइनिंग बोनस आणि शेअर वेगवेगळे लिहून काढा. ग्रॅच्युइटी आणि पीएफमधला कंपनीचा वाटाही बहुधा सीटीसीतच धरलेला असतो. तो दरमहा हातात येत नाही. शेअर कोणत्या वर्षी किती मिळणार, हे तर विचाराच. ४ वर्षांसाठी ४० लाखांचे शेअर ५-१५-४०-४० टक्क्यांनी मिळणार असतील, तर पहिल्या वर्षी फक्त २ लाख!

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे "थोडं वाढवा ना". नेमका आकडा सांगा: "फिक्स्ड ३२ लाख झालं तर आजच सही होईल." फिक्स्ड बँडमध्ये, म्हणजे त्या पदासाठी ठरलेल्या पगाराच्या मर्यादेत, अडकलं तर जॉइनिंग बोनस मागा. तो एकदाच द्यायचा असल्याने तिथे हात जरा सैल असतो. पण वर्षाच्या आत सोडल्यास परतफेडीची अट आहे का, ते वाचा.

नसलेली दुसरी ऑफर सांगू नका, लेटर मागतात. आणि सुधारित लेटर मेलवर आल्याशिवाय राजीनामा अजिबात देऊ नका.