ताल-राग-रस की लय-पट्टी-भाव?

प्रश्न असा आला आहे: केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या गायकवृंदाने १९६३ साली ध्वनिमुद्रित केलेल्या आल्लेग्रीच्या 'मिझेरेरे' या स्तोत्रगायनावर मराठीत टिपण लिहायचं आहे. इंग्रजी परिचयात टेम्पो, 'की' (key) आणि मूड अशी तीन खाती असतात. त्यांना ताल, राग आणि रस म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. हे तिन्ही शब्द भारदस्त आहेत, पण रचनेत जे नाही तेही पदरी बांधतात. लय, पट्टी आणि भाव यांत काम भागतं. कसं, ते या रचनेवरच पाहू.

ग्रेगोरिओ आल्लेग्रीने हे स्तोत्र सतराव्या शतकात रोमच्या सिस्टीन चॅपेलसाठी, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यासाठी बांधलं. शब्द बायबलमधल्या ५१व्या स्तोत्राचे. एक वृंद पाच आवाजांचा, दुसरा चार आवाजांचा. दोघांच्या मधल्या ओळी साध्या पठणाच्या. वाद्य एकही नाही.

आता ताल. ताल म्हटला की मात्रा आल्या, सम आली, आवर्तन आलं. इथे यातलं काहीच नाही. वृंद एका स्वरसमूहावर, म्हणजे एकदम लावलेल्या तीन-चार सुरांवर (कॉर्डवर) थांबतो, त्यावर पाच-सात अक्षरं बोलण्याच्या ओघात म्हणून टाकतो आणि मग ओळीच्या शेवटाला वळण घेतो. आरतीनंतरची मंत्रपुष्पांजली आठवा: टाळ थांबलेले असतात, पण म्हणणाऱ्यांची चाल एकच असते. ती लय, आणि ती तालाशिवाय असू शकते, आलापीत असतेच. म्हणून 'संथ ताल' लिहू नका, 'संथ लय' लिहा. 'विलंबित' टाळलेलं बरं, कारण तो शब्द ऐकताच वाचकाच्या कानात एकताल सुरू होतो. 'ठाय लय' हा जुना शब्द मला आवडतो, पण हल्ली किती जणांना कळेल ही शंकाच. (आणि 'लय संथ आहे' हे कोल्हापुरात वाचलं जाईल तेव्हा त्याचा अर्थ 'फार संथ आहे' असाही होईल. चुकीचं ठरणार नाही. पूर्ण गायन साधारण बारा मिनिटं चालतं.) संथपणाला वास्तूही हातभार लावते. किंग्जच्या उंच दगडी चॅपेलमध्ये सूर सुटल्यावरही घुमत राहतो, त्यामुळे घाई केली तर पुढचे शब्द मागच्यांवर चढतील.

पट्टीचं प्रकरण जास्त रंजक आहे. 'कुठल्या पट्टीत गाता?' या प्रश्नाला आपल्याकडे 'काळी चार' किंवा 'पांढरी एक' असं उत्तर येतं, म्हणजे पेटीवरची जी पट्टी 'सा' धरली ती. इंग्रजी 'की'चा निम्मा अर्थ यात आला. उरलेला निम्मा अर्थ मेजर-मायनरचा, आणि तो पट्टीत नाही. या रचनेला 'जी मायनर' म्हणतात, त्यातला जी म्हणजे आपली पांढरी पाच. मायनरसाठी काही जण 'आसावरी' लिहितात. गंधार, धैवत, निषाद कोमल म्हणून आसावरी थाटाशी सप्तक जुळतं हे खरं. पण थाट हा नुसता स्वरांचा संच आहे आणि राग म्हणजे चलन, वादी-संवादी, न्यास असा सगळा संसार. शिवाय त्या काळच्या युरोपीय वृंदगानात कोमल गंधारात चाललेली ओळ शेवटी शुद्ध गंधाराच्या स्वरसमूहावर येऊन टेकणं सर्रास असे. आसावरी गाताना असं केलं तर बैठकीतले जाणकार उठून जातील. म्हणून 'पट्टी पांढरी पाच, मायनर' असं सरळ लिहावं. मायनर हा शब्द आता गिटार शिकणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत आहे.

'राग' इथे न चालण्याचं सर्वांत मोठं कारण या ध्वनिमुद्रणातच ऐकू येतं. रॉय गुडमन या बारा वर्षांच्या मुलाचा आवाज ज्या तार स्वरावर जातो आणि ज्यासाठी लोक हे ध्वनिमुद्रण ऐकतात, तो स्वर मुळात आल्लेग्रीचा नाहीच. जर्मन संगीतकार मेंडेल्सॉनने १८३१ साली रोममध्ये हे गायन ऐकून टिपलं ते वरच्या पट्टीत. पुढे ग्रोव्हच्या संगीतकोशात उदाहरण छापताना वरच्या पट्टीतला तुकडा खालच्या पट्टीतल्या तुकड्याला जोडला गेला आणि तेच पुढच्या प्रतींत उतरलं. त्यामुळे चार आवाजांचा वृंद पांढरी पाचवर चालता चालता ओळीच्या मध्येच पांढरी एकवर उडी घेतो, म्हणजे 'सा' थेट मध्यमावर जातो. मूळ पट्टी मोडली नसती तर तो गगनभेदी सूर जन्मलाच नसता. आता ही घटना 'राग बदलला' असं म्हणून सांगून पाहा. अर्थच लागत नाही. 'मध्येच पट्टी चढली' म्हटलं की कोणाही भजनकऱ्याला कळतं.

राहिला भाव. 'मूड' बोलण्यात ठीक आहे, पण आपल्याकडे मूड माणसाचा असतो, तोही बहुधा गेलेला. टिपणात 'करुण रस' लिहिण्याचा मोह होईल, कारण 'मिझेरेरे' म्हणजे 'दया कर' आणि दया-करुणा हे शब्द जोडीने फिरतात. पण करुण रसाचा स्थायीभाव शोक. इथे कोणी मेलेलं नाही, कोणी दुरावलेलं नाही. परंपरेने हे स्तोत्र दावीद राजाच्या तोंडी आहे: बथशेबेच्या प्रकरणी नाथान संदेष्ट्याने जाब विचारल्यावर तो देवापुढे आपला अपराध कबूल करतो आणि शुद्ध कर म्हणून विनवतो. म्हणजे तो करुणा भाकतो आहे. करुणा भाकणं आणि करुण असणं यांतला फरक मराठीला चांगला ठाऊक आहे. समर्थांच्या करुणाष्टकांना रडगाणं कोणी म्हणत नाही, आणि त्यांच्या पहिल्याच ओळीत या भावाचं नेमकं नाव आहे: अनुताप. 'भाव अनुतापाचा' असं लिहा. 'पश्चात्ताप' हाही बरोबर आहे, फक्त तो अलीकडे पोलीस ठाण्याच्या बातम्यांत फार वापरला गेला आहे.