जुन्या मोटारींच्या लिलावात पहिल्यांदा उतरताना

‘संग्राहकांच्या लिलावात जुनी मोटार पहिल्यांदाच घेणार आहे, बोली कशी लावावी?’ असे आपण विचारले आहे. माझ्या मते बोलीचे कसब इथे दुय्यम आहे. खरा निर्णय आदल्या दिवशी, गाड्या पाहण्यासाठी खुल्या असतात तेव्हाच व्हायला हवा, कारण गाडी सहसा ‘आहे त्या स्थितीत’ विकली जाते आणि हातोडा पडल्यावर, म्हणजे शेवटची बोली पक्की झाल्यावर, तक्रारीला फारशी जागा उरत नाही.

चेसिस (गाडीचा मूळ सांगाडा) आणि इंजिनाचे नंबर स्वतः वाचून कागदपत्रांशी ताडून पाहावेत. प्रत्येक गाडीला १७ अक्षरांकांचा प्रमाणित ओळख क्रमांक देणे १९८० च्या दशकात रूढ झाले. त्याआधी प्रत्येक कारखान्याची रीत वेगळी असल्याने नंबर कोठे ठोकलेला असतो आणि आकड्यांचे वळण कसे असते, हे त्या मॉडेलच्या जाणकाराकडून आधीच समजून घ्यावे. नंबर ताडले नाहीत तर प्रतिकृती मूळ गाडी म्हणून गळ्यात पडू शकते. फेरारीची २५० जीटीओ ही शर्यतीची गाडी घ्या: त्या जेमतेम ३६ बनल्या, परंतु तिच्या प्रतिकृतींसाठी चार आसनी २५० जीटीई गाड्यांचे सांगाडे सर्रास वापरले गेले. अशी प्रतिकृती चालवायला झकास असेलही, पण तिला मूळ गाडीची किंमत येत नाही.

मी स्वतः फसलो तो पत्र्यात. रंग आरशासारखा चकाकत होता, म्हणून खाली वाकून पाहण्याचा कंटाळा केला. नंतर दाराखालच्या पट्टीवर पातळ कापडात गुंडाळलेले चुंबक फिरवले, तर ते वीतभर चिकटे आणि पुढे निसटे. निसटे तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली होती. (ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ही युक्ती चालत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.) इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखवण्याची विनंती करावी, बॉनेटला हात लावताच ते ऊबदार लागले, तर आधीच कोणी सुरू केले होते का, असे विचारायला संकोचू नये.

बोलीची मर्यादा ठरवताना लिलावगृहाचे कमिशन, कर आणि वाहतूक आधीच वजा करावी. कमिशन बरेचदा दहा ते पंधरा टक्के असते, म्हणजे शंभरावर हातोडा पडला तरी आपल्याला एकशे दहा ते एकशे पंधरा मोजावे लागतात. हे सारे वजा करून उरलेला मर्यादेचा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवावा. राखीव किंमत (जिच्याखाली मालक विकायला तयार नसतो ती) न गाठल्याने गाडी विकली गेली नाही, तर निघण्यापूर्वी आपला आकडा कचेरीत सांगून ठेवावा. न विकलेली गाडी परत नेण्यापेक्षा मालक पुष्कळदा थोडा खाली उतरतो.