परदेशात ड्युटीवर असताना सैनिकाने तिथल्या धर्माचा अपमान केला तर त्याच्यावर कारवाई होते का?

होते. पण किती, ते वरच्या साहेबावर. आपल्या आर्मी ॲक्टच्या कलम 64 खाली प्रार्थनास्थळ विटाळणं, मुद्दाम कुणाच्या धर्माचा अपमान करणं याला 7 वर्षांपर्यंत कैद आहे, आणि जवान जगात कुठेही असला तरी हा कायदा त्याच्या मागे असतोच. युएन फार तर घरी पाठवायला सांगतं, शिक्षा आपणच करायची.

मी दक्षिण लेबनॉनमध्ये शांतिसेनेत होतो. तिथे एका वळणावर सायबिणीची, म्हणजे मेरी माउलीची, घुमटी होती, काचेआड मूर्ती, खाली मेण साचलेलं, अगदी गोव्यात आमच्या वाड्यावरच्या खुरसासारखी (क्रूसासारखी), जिथे आम्ही हिंदू असून माझी आई पोरांना ताप आला की मेणबत्ती लावायची. आमच्यातला एक, माझा जिगरी दोस्त, त्या ओट्यावर बूट ठेवून लेस बांधायला लागला. म्हटलं, काढ रे पाय. तो हसला, बूट सरळ काचेला टेकवला आणि दुसऱ्याला म्हणाला फोटो काढ. समोर ऑलिव्हच्या झाडाखाली एक म्हातारी बसलेली. एक शब्द बोलली नाही. आम्ही गाडीत चढलो तेव्हा उठली आणि डोक्याचा रुमाल सोडून काच पुसायला लागली.

संध्याकाळी मी साहेबांना सांगितलं. दोस्ताला परत पाठवलं.

तेव्हापासून दर चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधता बांधता मेव्हण्याचं एकच, आपल्याच माणसाला बुडवलंस, ते पण एका काचेपायी. अरे बाबा, तुझा देव मंगेश 1560 साली कुठ्ठाळीहून प्रियोळला काय हवा खायला आला? 1567 मध्ये गोव्यातल्या साष्टीतली देवळं पाडणाऱ्या राशोल किल्ल्याच्या पोर्तुगीज कप्तानाच्या थडग्यावर तेच काम पराक्रम म्हणून कोरलंय, त्याला कोणी जाब विचारला? आणि फक्त पोर्तुगीजच नाही हां, 1791 ला शृंगेरीचा मठ लुटणारे आपल्याच मराठी फौजेतले होते, मठाला मदत पाठवली ती टिपूने.

अमेरिकेचं बघा, 2012 मध्ये अफगाणिस्तानात बगरामच्या तळावर त्यांच्या सैनिकांनी कुराणाच्या प्रती जाळल्या, त्यानंतरच्या दंगलीत तीसेक माणसं गेली, आणि 6 सैनिकांवर नुसती खात्यांतर्गत कारवाई, खटला नाहीच. अर्थात तिथे मुद्दाम केलं नव्हतं असं चौकशीत निघालं, आणि कायद्यात सगळं त्या 'मुद्दाम' शब्दावरच अडतं, हे मान्य.

आणि दोस्ताचं कोर्ट मार्शल वगैरे काही झालं नाही, पेन्शन पूर्ण घेतोय, हे काढलं की मेव्हणा म्हणतो, ती सुपारी दे इकडे.